दोघींचा नैवेद्य

“तिला लस द्यायची की नाही, एवढं एकच सांगा,” मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं. “हो किंवा नाही. मी शाळेत पेपर तपासते, अर्धा गुण द्यायचा मला कंटाळा आहे.”

डॉ. पाध्ये हसल्या नाहीत. त्यांच्या मिरजेच्या खोलीत टेबलावर माझ्या मुलीची, जुईची फाईल पडली होती, चांगली वीतभर जाडीची. जुई तेव्हा सहा वर्षांची होती. तिला रक्ताचा कर्करोग झाला होता. सव्वा वर्षाच्या सुया-सलाइननंतर आजार आटोक्यात आला होता. रोजच्या गोळ्या तेवढ्या आणखी वर्षभर चालायच्या होत्या. डोक्यावर नुकते कुठे बोटाच्या पेराएवढे केस उगवले होते. आणि नेमकी त्याच वेळी आमच्या जयसिंगपुरात कांजिण्यांची साथ आली होती.

“लस म्हणजे कांजिण्यांचाच जंतू, दुबळा केलेला,” डॉक्टर म्हणाल्या. “धडधाकट मुलाचं तो काही बिघडवत नाही. जुईच्या अंगात त्या दुबळ्याशी झगडायचीही ताकद कमी आहे. लशीनंच आजार झाला तर?”

“आणि लस दिली नाही, आणि शेजारच्या पोराकडून झाला तर?”

“तर जास्त वाईट. अशा मुलांच्या फुप्फुसात उतरतो तो. मी मुलं गेलेली पाहिलीत, शैलाताई.”

“म्हणजे दिली तरी भीती, नाही दिली तरी भीती.”

“काही ठिकाणी देतात. रक्ताचे आकडे चांगले असले तर, गोळ्या मागंपुढं मिळून दोन आठवडे थांबवून. पण गोळ्या थांबवल्या की मूळ दुखणं डोकं वर काढेल अशी धास्ती असते. माझं मत विचाराल तर आत्ता नको.”

“मग मी काय करू? तिला कपाटात कोंडून ठेवू?”

“तिच्याभोवतीच्या माणसांना टोचा. घरात, शेजारात, ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत त्या सगळ्यांना. टोचल्यावर कुणाच्या अंगावर पुरळ उठलं, तर तेवढे दिवस त्यानं लांब राहायचं. तुम्हाला झाल्यात?”

“लहानपणीच.”

“नक्की?”

मला या ‘नक्की’ची सव्वा वर्षात चीड बसली होती. नक्की गोळी दिली? नक्की पाणी उकळलं? मी म्हटलं, “नैवेद्य झालाय माझा. पाटावर बसून दहीभात खाल्लेला मला आठवतो.”

“रक्त तपासून खात्री करता येते. एक नळी लागेल.”

“आमच्या घरातलं रक्त बाटल्यांनी काढून झालंय, डॉक्टर. आणखी एक नळी कशाला?” मी पिशवी उचलली. त्यांनी कागदावर काहीतरी लिहून दिलं होतं. तो कागद मी फाईलमध्ये सरकवला आणि विसरून गेले.

घरी आले तर सगळे सल्ला द्यायला तयारच बसलेले. आजारी मूल घरात असलं की गल्लीतल्या प्रत्येकाला डॉक्टरकीची पदवी मिळते. समोरच्या काकू म्हणाल्या, लस म्हणजे विष. कोपऱ्यावरचे दुकानदार म्हणाले, माझ्या नातवाला दिली, घोड्यासारखा पळतोय. माझे यजमान, दिगंबर, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहेत, म्हणजे माणूस तसा शास्त्राचा. तेही म्हणाले, “टोचून टाकू एकदाची. रोज मरत मरत जगण्यापेक्षा.”

“आणि गोळ्या थांबवून तो रोग परत आला तर? तेव्हाही ‘एकदाचा’ म्हणणार?”

“मग तूच ठरव सगळं. मी नुसता मान डोलवायला आहे.”

“डोलवता तरी कुठं?”

आठ दिवस हेच. मी मटार सोलत असले की ते येऊन एक मुद्दा मांडत, मी शेंग फोडावी तसा तो फोडून ठेवी. त्यांना भिऊन भिऊन कंटाळा आला होता, मलाही आला होता. फरक इतकाच की त्यांचा कंटाळा गप्प राहायचा आणि माझा बोलायचा. शेवटी डॉक्टरांचंच ऐकायचं ठरलं: जुईला लस नाही, बाकी सगळ्यांना लस.

मग मी कंबर कसली. वहीचं मधलं पान फाडून यादी केली आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. पहिलं नाव माझं. त्यापुढं ठसठशीत बरोबरची खूण. तरीही, आपण दुसऱ्यांना विचारणार तर आपलंही विचारून घ्यावं म्हणून कुरुंदवाडला आईला फोन लावला.

“आई, लहानपणी मला कांजिण्या झाल्या होत्या ना?”

“असं नाव घेऊ ने गं,” आई फोनवरच कुजबुजली. जुन्या बायकांसारखं तिलाही ते देवीचं येणं होतं. देवी घरात असताना तिचं नाव मोठ्यानं घ्यायचं नाही, फोडणी द्यायची नाही, कडुलिंबाच्या पाल्यानं आंघोळ घालायची आणि देवी गेली की थंड दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा.

“नाव नाही घेत. नैवेद्य झाला होता का माझा?”

“झालाय की. तुजा आन् नंदीचा, दोघींचा निवद झालाय. त्येची काळजी तू करू नको.”

नंदी माझी थोरली बहीण. झालं तर मग. माझी खूण कायम.

दुसरं नाव दिगंबरांचं. त्यांची आई हयात नव्हती, त्यांना काही आठवत नव्हतं, टोचून घेतलं. दंड दोन दिवस असा धरून बसले की जणू हात तुटलाय. तिसरा माझा दीर, त्यालाही टोचलं. राहिली वरच्या मजल्यावरची माझी धाकटी जाऊ, रत्ना, आणि तिची आठ वर्षांची सई. रत्नाला झाल्या होत्या, तिच्या कपाळावर खड्डाच होता. अडलं ते सईपाशी. सई आणि जुई एका ताटात जेवणाऱ्या.

“ताई, धडधाकट पोरीला कशाला टोचायचं?” रत्ना म्हणाली. “होऊ देत की कांजिण्या. आमाला न्हाई झाल्या?”

“तुझ्या पोरीला झाल्या तर चार दिवस खाजवेल. माझ्या पोरीला झाल्या तर ती मरेल.”

“असं वंगाळ बोलू नका.”

“मग काय बोलू? गोड बोलून गेलं सव्वा वर्ष. तुला तुझ्या पोरीचा दंड दिसतो, माझ्या पोरीचा जीव दिसत नाही.”

रत्नाचे डोळे भरले. ती वर निघून गेली, आणि वरून भांडी आपटल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी तिनं सईला नेऊन टोचून आणलं. सुईची चिठ्ठी माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “घ्या. डकवा कपाटाला.” त्यानंतर पंधरा दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मला त्याचं काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर मला जिंकल्यासारखं वाटलं.

शाळेत तर मी हवालदारच झाले होते. पाचवीच्या दोन्ही तुकड्यांत कांजिण्या शिरल्या होत्या. बाकीच्या बाई लांबूनच हजेरी घेत. कुणाच्या घरी लेकुरवाळी सून, कुणाला स्वतःचीच भीती. मुख्याध्यापकांनी विचारलं, कोण तपासेल मुलांना? मी म्हटलं, “मी तपासते. मला येऊन गेल्यात.”

प्रार्थनेनंतर मी रांगेतून फिरे. सदऱ्याची बटणं काढायला लावून पोटं बघे, मानेवरचे केस बाजूला सारी. पाण्याचा थेंब कातडीवर ठेवल्यासारखा फोड दिसला की त्या पोराचं दप्तर त्याच्या हातात देऊन घरी. आई-बाप भांडायला येत. “बाई, परीक्षा जवळ आलीय.” मी म्हणे, “तुमच्या मुलाची परीक्षा पुन्हा घेता येईल. कुणाचं मूल गेलं तर ते पुन्हा आणता येत नाही.” मग ते गप्प बसत. घरी आले की दारातच साडी बदलून, हातपाय साबणानं धुऊन मगच जुईला जवळ घेई. इतकी काळजी. मला माझाच अभिमान वाटायचा, आता सांगायला लाज वाटते तितका.

तो रविवार होता. दोन दिवस अंग कसकसत होतं, पण शिक्षकाचं अंग मार्चमध्ये कसकसतंच. सकाळी जुईला मांडीत घेऊन तिच्या त्या पेरभर केसांना तेल लावलं. ती म्हणाली, “आई, वेणी कधी येईल?” मी म्हटलं, “दिवाळीला.” मग मी आंघोळीला गेले.

पोटावर, बेंबीच्या वर, पाण्याचा एक थेंब होता. पुसला. तो पुसला गेला नाही.

बाजूला आणखी दोन. एक बरगडीपाशी. महिनाभर पन्नास पोरांची पोटं बघणाऱ्या बाईला ते काय आहे हे कळायला किती वेळ लागणार? तरी मी स्वतःशी भांडत उभी राहिले. घामोळं असेल. डास असेल. मला येऊन गेल्यात, एकदा येऊन गेल्या की परत येत नाहीत. ओल्या अंगावर तशीच साडी गुंडाळून मी फोनपाशी गेले.

“आई, मला कांजिण्या झाल्या होत्या ना?”

“शैले, किती येळा सांगू, नाव घेऊ ने—”

“आई! मी नाव घेणार. कांजिण्या! मला झाल्या होत्या की नाही? माझ्या अंगावर, माझ्या, फोड उठले होते?”

मग आई म्हणाली, “नंदीला उठले हुते.”

“आणि मला?”

“तुला मामाकडं धाडली हुती. तू बारकी हुतीस, हाडाची काडं. परत आलीस तवा नंदीची लिंबाची आंघूळ झाली हुती. मग दोघींचा निवद एकदमच केला.”

“मला आल्याच नव्हत्या, तर माझा नैवेद्य कशाला केलास?”

“दोघींच्या नावानं केला की दुसरीला येत न्हाईत म्हनायची माजी सासू.”

“मग मी महिन्यापूर्वी विचारलं तेव्हा का नाही बोललीस?”

“तू निवद झाला का म्हून इचारलंस. झाला हुता, म्हून झाला म्हनलं.”

मी फोन आपटला. माझा आवाज ऐकून जुई दारात येऊन उभी राहिली होती, तेलकट डोक्यानं. तिनं हात पुढं केले.

“तिथंच थांब!” मी ओरडले. मी इतकी ओरडले की तिचा चेहरा रडण्याच्याही पलीकडं गेला. मी भिंतीला टेकून मागं सरकत होते, स्वतःच्या मुलीपासून. “रत्ना! रत्ना, खाली ये! हिला घेऊन जा!”

रत्ना धावत आली. माझ्याकडं एकदा बघितलं, गळ्यावर नुकताच उठलेला फोड बघितला, आणि काही न विचारता जुईला उचलून वर घेऊन गेली.

डॉ. पाध्ये फोनवर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, “तुम्ही आधी घराबाहेर पडा. अंगावर दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच लागण होते, म्हणजे तिला ती झालीच असं धरून चालू. तयार प्रतिकारद्रव्याचं एक इंजेक्शन असतं. चार दिवसांच्या आत टोचलं तर उपयोग. इथं मिळणार नाही. पुण्यात चौकशी करते, कुणाला तरी निघायला सांगा.”

“डॉक्टर, तुम्ही म्हणाला होतात रक्त तपासा.”

“ते नंतर. आधी निघा.”

दिगंबर पुण्याला गेले. सोमवारी संध्याकाळी बर्फाच्या डब्यात ते औषध घेऊन परतले, स्टँडवरून परस्पर मिरजेला. जुईला मांडीवर घेऊन तिथं रत्ना बसली होती. मी कुरुंदवाडला आईच्या मागच्या खोलीत, अंगभर फोड घेऊन, भिंतीकडं तोंड करून पडले होते. मोठ्या माणसाला कांजिण्या झाल्या की सोडत नाहीत. तोंडाच्या आतसुद्धा उठले. आई लिंबाचा पाला अंथरायची, गार पाणी द्यायची. मी तिच्याशी बोलत नव्हते. एकूण एक औषध घेत होते आणि एक शब्द बोलत नव्हते.

रोज सकाळी रत्नाचा फोन. “ताई, अंगावर काई न्हाई. आत्ताच न्हाऊ घातली, समदीकडनं बघितलं.” एवढंच. ‘माझ्या सईला टोचायला लावलंत आणि तुम्हीच’ असं म्हणायचा तिला पुरेपूर हक्क होता. एका शब्दानं तिनं ऐकवलं नाही. त्या न ऐकवलेल्या शब्दानंच मी जास्त रडले.

सहाव्या दिवशी आई माझ्या पाठीला काहीतरी लावत होती. माझ्यानं राहवलं नाही. “तुझ्या त्या नैवेद्यापायी माझी पोर जाईल, कळतंय का तुला?”

आईचा हात थांबला. मग परत चालू झाला. “त्या साली गल्लीतली तीन पोरं गेली हुती,” ती म्हणाली. “देवीनं न्हाई, त्येच्या मागनं आलेल्या तापानं. नंदी बी तवाच अंथरुणात हुती. तू कशी वाचायचीस ह्ये मला कळंना. तुज्या डॉक्टरनी सांगितलं, घरच्यांना टोचा. मला टोचाया कोन काय देत हुतं? माज्याकडं दहीभात हुता. मी दहीभात केला.”

मी तोंड उशीत खुपसलं. राग होता आणि तो सोडायचा नव्हता. तिच्याकडं निदान टोचायला काही नव्हतं. माझ्याकडं एक नळी होती, कागदावर लिहून दिलेली, आणि ती मी कंटाळ्यापायी दिली नाही. रागावायला मला आईच सोयीची होती.

खपल्या सुटल्यावर मी घरी परतले. चार-पाच दिवस गेले. इंजेक्शननं काम केलं असं आम्ही म्हणायला लागलो होतो. आणि एका सकाळी जुईनं सदरा वर करून मला पोट दाखवलं. “आई, हे बघ. तुझ्यासारखं.”

मिरजेच्या त्या वॉर्डाच्या दारात सिस्टर उभी होती, वही घेऊन. आत जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत होती. “कांजिण्या झाल्यात?”

“झाल्यात.”

“नक्की?”

मी दोन्ही बाह्या वर सारल्या. मानेवरचा पदर काढला. लाल-काळे डाग अजून ओले वाटावेत इतके ताजे होते. सिस्टरनं बघितलं आणि दार उघडलं. त्या ‘नक्की’ची मला पहिल्यांदाच चीड आली नाही.

अकरा फोड. मी रोज मोजत होते. बारावा उठला नाही. आठ दिवस शिरेतून औषध, दर आठ तासांनी. ताप दोनदा चढला, दोनदा उतरला. छातीचा फोटो दोनदा काढला आणि दोन्ही वेळा तो स्वच्छ निघाला. जुईला खाजवायचं असायचं, मी तिची बोटं माझ्या मुठीत धरून बसायची. आठव्या दिवशी डॉ. पाध्ये म्हणाल्या, “इंजेक्शन वेळेत मिळालं म्हणून अकरावर भागलं.”

“आधीच तिला लस दिली असती तर?” मी विचारलं. इतके दिवस गिळून ठेवलेलं.

“मी आजही ‘आत्ता नको’च म्हणेन. चूक तिथं नव्हती, शैलाताई.” त्यांनी चूक कुठं होती ते सांगितलं नाही. मला माहीत होतं.

घरी आल्यावर पहिल्या मंगळवारी आई दह्याचं गाडगं घेऊन आली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायच्या आधी तिनं माझ्याकडं बघितलं, मी हाकलून देईन की काय अशा नजरेनं. मी गाडगं हातातून घेतलं. रत्नानं वरून लिंबाचा पाला आणला. दोन पाट मांडले. जुई नव्या परकरात येऊन बसली, पेरभर केसांना सईची पिन लावून.

आईनं भात कालवला, आणि चाचरत विचारलं, “दोघींचा एकदमच करू न्हवं? मायलेकींचा?”

“नाही,” मी म्हटलं. “दोघींचा वेगवेगळा. आधी तिचा. मग माझा.”

जुईचा झाला. तिनं अर्धा खाल्ला, अर्धा परकरावर सांडला. मग मी पाटावर बसले. पस्तिशीची बाई, अंगावर डाग, आणि समोर हळदकुंकू घेऊन म्हातारी आई. तिनं कुंकू लावलं, भाताचा घास माझ्या तोंडाशी आणला आणि मग तसाच धरून ठेवला.

“आता खराच झाला गं तुजा,” ती म्हणाली.

जुईनं बाजूनं विचारलं, “आजी, तुझा कधी झाला?”

आई आठवू लागली. तिची आई, तिचं गाव, कुणी सांगितलं होतं, काय सांगितलं होतं. मी उठले, फाईल काढली, आणि रक्त तपासायचा तो नळीचा कागद शोधून आईच्या हातात दिला.

“उद्या मिरजेला जायचं,” मी म्हटलं. “आणि मला ‘नक्की’ असं सांगू नकोस.”